दोर आमचा, दावे नव्हे

गेल्या धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनी मराठवाड्यातील एका गावी मला व्याख्यानासाठी बोलाविले होते. विहारापुढे पंचशील ध्वजासाठी नवा खांब उभारला होता. ध्वजारोहणाच्या आधी एक वृद्ध उपासक काखेत दोराचे वेटोळे घेऊन आले. त्यांच्या घराने दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली. पूर्वाश्रमीचे ते मातंग. केकताडाच्या वाखाचा, तीन पेडांचा, करंगळीएवढा जाड आणि चाळीस हात लांब असा तो दोर त्यांनी आठ दिवस खपून ध्वजासाठी वळला होता. समितीचे एक तरुण सभासद पुढे झाले. शिकलेले, चांगल्या नोकरीतले. ते म्हणाले, "बाबा, ही जातीची कामे आता सोडा. आपण बौद्ध झालो. विहारात हे नको." ध्वज दुकानातून आणलेल्या नायलॉनच्या दोरीने वर गेला. म्हातारे काही बोलले नाहीत. दोर तसाच काखेत धरून ते मागच्या रांगेत जाऊन बसले आणि सर्वांबरोबर त्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटले.

मी त्या दिवशी व्यासपीठावरून या प्रकाराविषयी चकार शब्द काढला नाही. पाहुण्याने यजमानाचे उणे काढू नये, असा भिडेचा विचार आड आला. ती भीड गैर होती, म्हणून हा लेख लिहीत आहे.

या गृहस्थांची मला पूर्वीची ओळख होती. दीक्षा घेतल्यानंतरच्या पहिल्याच पोळ्याला त्यांच्या घराने गावाला वेसण, मोरकी, कासरे 'मानाने' पोचविण्यास नकार दिला होता. दोर हवा असेल तर रोख पैसे देऊन न्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यावर गावात बैठक बसली, 'पिढ्यान्‌पिढ्यांचा मान मोडला' असा ओरडा झाला, आणि काही दिवस त्यांना गिरणीवर दळण मिळेना. त्यांचा धाकटा मुलगा माझ्याकडे आला, मी नोटीस दिली आणि प्रकरण निवळले. ज्या माणसाने सबंध गावापुढे 'फुकट वळणार नाही' असे सांगण्याचे धैर्य दाखविले, त्याच माणसाने आपण होऊन, प्रेमाने वळलेला दोर त्याच्या स्वतःच्या विहाराने परत पाठविला! वाचकहो, यात बौद्ध कोण वागले, याचा विचार तुम्हीच करा.

त्या तरुण सभासदाचा हेतू दुष्ट नव्हता, हे मी मान्य करतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे-शिळे तुकडे यांचा त्याग करण्यास आपल्या लोकांना बजावले. पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून त्यांनी महारकीच्या बेडीवर घाव घातला. या इतिहासावरून आपल्यातील पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला आहे की, जातीने जे जे काम लादले ते ते काम म्हणजेच कलंक. परंतु बाबासाहेबांनी नेमके काय झिडकारले ते पाहिले पाहिजे. नकार देण्याची मुभा नसलेली, मोबदल्याचा करार नसलेली, जन्माबरोबर कपाळी मारलेली चाकरी त्यांनी झिडकारली. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ च्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, जात श्रमांची वाटणी करीत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, आणि त्यांना एकाखाली एक असे रचून ठेवते. श्रम हा अपराधी आहे असे त्यात कोठेही नाही.

आता तो नाकारलेला दोर हातात घेऊन पाहू.

केकताडाची पाने कापून आणावयाची, कडेचे काटे छाटावयाचे. पानाचा रस अंगाला लागला की आग होते, खाज सुटते. पानांच्या पेंढ्या बांधून पाण्यात दगडांखाली दाबून ठेवावयाच्या. गर कुजून सुटेपर्यंत दिवसच्या दिवस जातात आणि त्या पाण्याचा दर्प दुरूनही सोसवत नाही. मग मोगरीने ठेचणे, धुणे, वाळविणे, विंचरणे. ही बहुतेक कामे बायांच्या वाट्याची. एवढे झाल्यावर पांढरट पिवळा, चकाकणारा वाख हाती येतो. त्यानंतर एक जण फिरकी फिरवितो, आणि दुसरा कमरेला वाखाचा पुंजका बांधून, चिमटीतून सारखे तंतू सोडीत, उलट्या पावलांनी मागे मागे सरकत जातो. सबंध दिवसात त्याची मागे चालण्याची मजल कोसांत मोजावी लागेल.

तंतू फार तर दोन-तीन हातांचा. दोर चाळीस हातांचा. मग जोड कोठे आहे? कोठेच नाही. एक तंतू संपण्याआधी दुसरा त्यात शिरतो, आणि पीळ त्या दोघांना एकमेकांवर दाबून धरतो. ओढ वाढेल तशी ही पकड घट्ट होत जाते. सुताला उजवा पीळ दिला तर पेडाला डावा द्यावयाचा, आणि तीन पेडांचा दोर करताना पुन्हा उजवा. एक पीळ उलगडू पाहतो तेव्हा दुसरा त्याला अडवितो. या अडवणुकीवर सगळा दोर उभा असतो. पेड एकत्र वळताना त्यांच्यामध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरतात. तो संथ आणि सारखा सरकला तर दोर सारखा उतरतो. घाई केली की सैल पडतो, पीळ अधिक झाला की आखडून स्वतःच्याच गाठी मारतो. हे सगळे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते, आणि ते कळण्यास वर्षे जातात. मी विधी महाविद्यालयात पदवी मिळविली. या विद्येला त्याहून कमी अभ्यास लागत नाही.

अंबाडी, ताग, नारळाचा काथ्या, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि कामागणिक दोरही वेगळा: गुरांचे दावे, बैलांचा कासरा, बाजेचे सुंभ, शिंके, चऱ्हाट, आणि सर्वांत अवघड तो मोटेचा नाडा. पाण्याने भरलेली चामड्याची मोट बैल धावेवरून ओढीत, आणि मोटकरी त्या ताणलेल्या नाड्यावर बसून गाणी म्हणे. नाडा तुटला तर मोट विहिरीत आणि बैल तोंडघशी. गावाचे पाणी, पीक आणि माणसाचा जीव त्या एका पिळावर टांगलेला असे, आणि तो पीळ भरणारा माणूस गावकुसाबाहेर बसविलेला असे.

सनातनी सांगतात की हा त्याचा जातिधर्म, विधात्याने नेमून दिलेला. या दाव्याची तपासणी करण्यास आज साधने उपलब्ध आहेत. फ्रान्समधील आब्री द्यु मारा येथील खडकाच्या आसऱ्याखाली झाडाच्या अंतर्सालीच्या दोरीचा एक तुकडा सापडला, त्याचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले. लांबी जेमतेम ६ मिलिमीटर, वय ४१,००० ते ५२,००० वर्षांच्या दरम्यान. तो वळणारा आजच्या मानवजातीचाही नव्हे, निअँडरथल होता. त्यात तीन पेड आहेत, पेडांचा पीळ एका दिशेचा आणि तिघांना एकत्र वळणारा पीळ विरुद्ध दिशेचा. आपल्या उपासकांच्या दोरात हाच नियम आहे! जर्मनीतील होले फेल्स गुहेत मॅमथच्या सुळ्याची, चार भोकांची एक पट्टी मिळाली. भोकांच्या आत वळणाऱ्या खाचा आहेत, आणि संशोधकांनी तशीच पट्टी करून तिच्यातून दोर वळून दाखविला. तिचे वय ३५,००० वर्षांहून अधिक. तेव्हा वेद नव्हते, पुरुषसूक्त नव्हते, मनू नव्हता. दोर मात्र होता. ज्या केकताडाच्या दोराला 'आपली प्राचीन परंपरा' म्हणून आज नावाजले जाते, ते झाडही मुळात अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या सफरीपूर्वी ते या देशात कोणी पाहिलेले नव्हते. जातिधर्माच्या सनातनपणाची किंमत एवढीच.

मग ही विद्या एका जातीच्या पायात कशी अडकली? त्याचे उत्तर आकाशात शोधण्याचे कारण नाही, ते लिखित कायद्यात आहे. मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा. कोणत्या संकरातून जन्मलेल्याने कोणता धंदा करावा, याची त्यात यादीच दिली आहे. बांबू-वेताचे काम कोणाचे, तेही ठरवून टाकले आहे. छप्पन्नाव्या श्लोकात राजाज्ञेने अपराध्यांचा वध करण्याचे काम चांडाळांवर टाकून मेलेल्याची वस्त्रे व शय्या त्यांना दिली आहेत. शहाण्णवाव्या श्लोकात तर शिक्षाच सांगितली आहे: हीन जातीचा माणूस लोभाने वरच्यांच्या धंद्यावर जगू लागला, तर राजाने त्याचे सर्वस्व हरण करून त्याला हद्दपार करावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ का जाळला गेला, असे अजूनही विचारणाऱ्यांनी हा एक श्लोक वाचला तरी पुरे.

महाराष्ट्रात या व्यवस्थेला बलुते असे गोंडस नाव मिळाले. सुतार, लोहार, महार, मांग ही बलुतेदारांची पहिली ओळ. ओळीत पहिले आणि वस्तीत शेवटचे! सुगीला खळ्यावर जाऊन उभे राहावयाचे, मालक हात उचलून देईल ते धान्य पदरात घ्यावयाचे. भाव ठरविण्याचा हक्क नाही, नाही म्हणण्याचा तर नाहीच. फिरकी फिरविण्यास घरातले पोर लागे, म्हणून पोराची शाळा बुडे. गुन्हेगारांना फाशी देण्याचे कामही मातंगांच्याच माथी मारलेले होते. मनूने वधाला नेमलेला माणूस असा मराठी मुलखात दोरासकट उभा केला गेला. (देहान्त शिक्षाच रद्द व्हावी असे मत ३ जून १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी मांडले, याची येथे आठवण होते.) महात्मा फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहून या सगळ्याला जाब विचारला. तिचे वय तेव्हा अवघे चौदाच्या आसपास होते.

आणि विहीर! रहाटावरचा दोर मातंगाने वळलेला, त्याच्या थुंकीने आणि घामाने भिजलेल्या बोटांतून गेलेला. तो दोर पाण्यात रोज बुडतो, पाणी बाटत नाही. वळणाऱ्याची बायको मात्र घागर घेऊन दूर उभी, कोणी वरून ओतील या आशेवर. अस्पृश्यता हा शुद्धीचा प्रश्न असता, तर आधी दोर बाटला असता. तो मालकीचा आणि हुकमतीचा प्रश्न होता, म्हणून दोर चालला आणि माणूस चालला नाही.

आपल्या वेदान्त्यांना तर दोराचे फारच प्रेम. अंधारात दोरावर सापाचा भास होतो, तद्वत ब्रह्मावर जगाचा भास होतो, हा त्यांचा लाडका दृष्टान्त. गौडपाद-शंकराचार्यांपासून हा दोर प्रवचनांतून पडून आहे. तो वळला कोणी, आणि त्याला त्याचे पैसे मिळाले काय, हे एकाही प्रवचनकाराने विचारलेले माझ्या ऐकिवात नाही. बौद्ध आचार्यांनीही हा दृष्टान्त वापरला आहे. परंतु 'हस्तवालप्रकरण' या लहानशा ग्रंथात ते आणखी एक पाऊल पुढे गेले: साप दिसेनासा झाल्यावर दोर तरी काय आहे ते पाहा, त्याचे भाग सुटे करून पाहा, म्हणजे दोर नावाची स्वयंभू वस्तू उरत नाही. वाखाचे तंतू ज्याने विंचरले आहेत त्याला हे पोथीवाचून ठाऊक असते. जातही अशीच वळलेली आहे, आणि म्हणून उलगडता येते.

आता कायद्याकडे वळतो, कारण नवदीक्षित कुटुंबांना व्याख्यानापेक्षा याची गरज अधिक आहे. कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठ आणि सक्तीची मजुरी यांना बंदी आहे. १९८२ साली एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गरिबीच्या लाचारीने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबावे लागणे ही देखील सक्तीची मजुरी होय. तेव्हा 'आम्ही कोठे जबरदस्ती करतो, तेच आपण होऊन आणून देतात' हा बचाव गावाने करू नये. मान म्हणतात तो काय असतो? ज्याला मान असतो त्याला नकारही देता येतो. पोळ्याच्या दोराला नकार दिला आणि दळण बंद झाले, तर तो मान नव्हता, वेठ होती. अनुसूचित जातीच्या माणसाकडून वेठ घेणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यात मुळापासूनच गुन्हा आहे, आणि त्याच्यावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा तशी धमकी देणे, हे २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत गुन्हे ठरले आहेत. तक्रार करताना तारीख, ठिकाण आणि ऐकणाऱ्या साक्षीदारांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावी. पुष्कळ खऱ्या तक्रारी याच एका हयगयीने लंगड्या पडतात.

'बौद्ध लिहिले तर हे संरक्षण जाईल' अशी भीती मातंग समाजातून आलेल्या कुटुंबांना मुद्दाम घातली जाते. ती खोटी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्ध धर्मीयांचा समावेश झाला आहे. धर्म बौद्ध आणि अनुसूचित जात पूर्वीचीच, अशी नोंद कायद्याला मान्य आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिण्यास कचरू नये.

दुसऱ्या बाजूने हल्ली कौतुकाचा पाऊस पडतो आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्म्याच्या नावाने अठरा पारंपरिक धंद्यांसाठी योजना सुरू केली. टोपल्या, चटया, केरसुण्या, काथ्याकाम हे त्यात आहेत. अवजारांना १५,००० रुपये, पुढे स्वस्त व्याजाचे कर्ज. हा पैसा सार्वजनिक तिजोरीतला आहे. ज्याला नियमाने मिळेल त्याने तो खुशाल घ्यावा, त्यात कमीपणा नाही. परंतु योजनेच्या उद्देशात गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबागत कौशल्य बळकट करण्याची जी भाषा आहे, तिच्यापासून सावध असावे. वकिलाच्या मुलाने वकीलच व्हावे यासाठी सरकार अवजारपेटी वाटत नाही. काथ्यासाठी १९५३ साली संसदेने कायदा केला, मंडळ स्थापले. आपल्या वाखाच्या दोरासाठी असे मंडळ कोणी उभारले नाही. मोटेच्या जागी पंप आला, बैलाच्या जागी ट्रॅक्टर, वाखाच्या जागी नायलॉन, आणि हजारो हात कोणाच्या लक्षातही न येता रिकामे झाले. आता हा धंदा मरणपंथाला लागल्यावर त्याला वारसा म्हणून हार घालणे सुरू आहे. दोर वळणाऱ्याची मुलगी अभियंता होऊन पुलाच्या तारदोरांचा हिशेब करील, तर विद्या पुढेच गेली. आणि तिने काव्य लिहिले किंवा न्यायासनावर बसली, तरी तिने कोणाचे काही बुडविले नाही.

माझा खरा वाद मात्र आपल्याच माणसांशी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपालीची, सुनीताची, सोपाकाची दीक्षा बाबासाहेबांनी आवर्जून सांगितली. उपाली न्हावी होता. संघात त्याला विनयाचा अधिकारी मानले गेले आणि त्याचा पूर्वीचा धंदा कोणी तोंडावर मारला नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवंतांनी सांगितले की कारागीर कर्माने कारागीर होतो, जन्माने नव्हे. सम्यक आजीविकेसाठी जे व्यापार वर्ज्य सांगितले ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. त्यांत दोर नाही. मग विहाराच्या दारात तो वर्ज्य कोणी ठरविला? आपल्यापैकी जे १९५६ साली आले, त्यांच्या घरांत दोन-तीन पिढ्यांचे शिक्षण, नोकरी आणि शहर आले आहे. जे परवा-परवा आले, त्यांच्या हातांवर अजून वाखाचे घट्टे आहेत. ते घट्टे पाहून आपल्याला लाज वाटत असेल, तर जातीची उतरंड आपण वेशीबाहेर टाकलेली नाही, विहारात आणून पुन्हा रचली आहे. मातंग बांधव धम्माकडे येण्यास का बिचकतात, याची कारणे आपण सदैव दुसरीकडे शोधतो. एक कारण त्या दिवशी ध्वजाच्या खांबापाशी माझ्या डोळ्यांदेखत उभे होते.

ध्वजाची नायलॉनची दोरी उन्हाने लवकरच विरेल, तेव्हा समितीला नवा दोर लागेलच. तो त्या उपासकांकडून घ्यावा, बाजाराचा योग्य भाव देऊन घ्यावा, आणि पावती फाडून समितीच्या हिशेबात दाखवावा. त्यांनी पैसे नाकारले, तर दान म्हणून त्यांच्या नावाने नोंद करावी. वळलेला दोर अजून त्यांच्या घरी खुंटीला आहे, आणि समितीच्या सभासदांना ते घर ठाऊक आहे.